टेबलाखालची रेकॉर्ड

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' होतात ते बरेचसे काढलेत, काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

आजची गोष्ट १९७७ सालची आहे आणि ती न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. त्या वर्षी नासा दोन याने सोडणार होती, व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी बसवायची होती. कधी कुणा परग्रहवासीयाला सापडलीच, तर पृथ्वी कशी ऐकू येते हे त्याला कळावं म्हणून. ५५ भाषांमधले नमस्कार (त्यात मराठीही आहे बरं का), पावसाचे, पक्ष्यांचे आवाज आणि सुमारे ९० मिनिटांचं संगीत. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाची टीम गाणी निवडत होती आणि हातात वेळ थोडा होता.

भारतीय संगीतातून काय घ्यायचं? रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत अभ्यासकानं एक नाव सुचवलं: केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची चीज. बाख, बेथोवन यांच्या शेजारी ती बसणार होती. आता प्रश्न एवढाच होता, की ती रेकॉर्ड आणायची कुठून? कारण ती केव्हाच छापायची बंद झाली होती.

विचार करा. अंतराळात पाठवण्याइतकं मोलाचं गाणं, आणि ते पृथ्वीवर मिळत नाही!

टीममधल्या अ‍ॅन ड्रुयन यांनी फोनाफोनी केली, शोधाशोध केली. शेवटी लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचं विजेच्या वस्तूंचं दुकान होतं, तिथे एका टेबलाखाली, धूळ खात पडलेल्या खोक्यात त्यांना ती रेकॉर्ड सापडली. तीन प्रती होत्या, न उघडलेल्या. ही हकीकत त्या टीमनं स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, म्हणजे अकरा दिवसांनी. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. गोव्यातल्या केरी गावात १८९२ मध्ये जन्मलेल्या बाईंचा आवाज आज ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून चाललाय.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा अंतराळयानाचं नवल बाजूलाच राहिलं, डोक्यात ते टेबल राहिलं. ते खोकं त्याआधी महिनाभर कुणी भंगारात दिलं असतं तर? आजचा भाग त्याबद्दल आहे. दुर्मीळ संगीत दुर्मीळ का होतं, आणि आपण ते नेटवरून 'उतरवून' घेतो तेव्हा नक्की काय करतो.

आधी इतिहास. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये, कलकत्त्यात. फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला आणि त्यानं गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. कारण काय, तर तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोवरला, तिथल्या कामगाराला कळायला हवं की ही कुणाची. एमपी३ फाइलमध्ये आपण कलाकाराचं नाव भरतो ना, तो मेटाडेटा बाई तोंडानंच सांगत होत्या. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हे फार आवडतं.

त्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे आपल्या लाखेच्या. ज्या लाखेच्या बांगड्या होतात तीच लाख, त्यात दगडाची भुकटी वगैरे. हातातून पडली की तुकडे. एका बाजूला तीन, फार तर साडेतीन-चार मिनिटं. वर ग्रामोफोनची लोखंडी सुई प्रत्येक वेळी थोडी थोडी खाचच खरवडत जायची. म्हणजे ज्या रेकॉर्डवर लोकांनी जास्त प्रेम केलं ती लवकर मेली. आज ज्या चकचकीत अवस्थेत सापडतात, त्या बहुतेक कुणाला न आवडलेल्या! पन्नास-साठच्या दशकात एलपी आल्या, मग कॅसेट आल्या, आणि माळ्यावरची जड खोकी लोकांनी जुन्या बाजारात काढली.

हे झालं घरातलं. कंपन्यांकडे तरी सगळं सुरक्षित असेल असं वाटतं ना? १ जून २००८ ला हॉलीवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तिथे ठेवलेल्या मूळ ध्वनिफितींचा मोठा साठा जळाला. किती मोठं नुकसान झालं हे जगाला कळायला जवळपास अकरा वर्षं लागली. आपल्याकडे रेडिओवर टेप महाग, म्हणून एक कार्यक्रम वाजला की तीच टेप पुसून दुसऱ्याला वापरायची, असं अनेकदा झालं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. हार्ड डिस्क भरली की आपण काय करतो? तेच.

पण दुर्मीळ होण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला बरीच वर्षं कळलंच नव्हतं. काही संगीत दुर्मीळ आहे, कारण गाणाऱ्यालाच ते तसं हवं होतं.

केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँसाहेब. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू, १९४६ मध्ये गेले. म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर ४४ वर्षं ते हयात होते. त्यांची एकही व्यापारी रेकॉर्ड नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, बालगंधर्वांचे गुरू, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक. त्यांचाही आवाज आपल्याकडे नाही. खुद्द केसरबाईंनी मोजक्याच रेकॉर्ड दिल्या, कारण आपलं गाणं कसं लोकांपुढे जातंय याबद्दल त्या फार काटेकोर होत्या.

यात नुसता अहंकार नव्हता. दोन तास उलगडणारा राग साडेतीन मिनिटांत कोंबायचा, आणि तो कोण, कधी, कुठल्या चहाच्या दुकानात वाजवणार यावर आपला ताबा नाही. शिवाय घराण्याची बंदिश ही गवयाची मिळकत होती. वर्षानुवर्षं सेवा करून, गंडा बांधून मिळालेली. रेकॉर्ड ऐकून कुणी ती फुकट उचलली तर?

इथे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची आठवण काढलीच पाहिजे. पेशानं वकील. त्यांनी देशभर फिरून घराण्याघराण्यांतल्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' या सहा भागांत छापल्या. हजाराहून जास्त बंदिशी, कुणीही विकत घ्यावं आणि शिकावं अशा. कित्येक उस्तादांना ते मुळीच रुचलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला ऐवज हा बाबा बाजारात मांडतोय! आणि आज? संगीत विशारदच्या परीक्षेला बसणारा प्रत्येक पोरगा त्याच पुस्तकांवर उभा आहे. त्यातल्या किती बंदिशी छापल्या नसत्या तर त्यांच्या मालकांबरोबरच गेल्या असत्या, याचा विचार करा.

म्हणजे 'हे सगळ्यांचं आहे' विरुद्ध 'हे माझं आहे' हे भांडण नेटच्या आधीचं आहे. दोन्ही बाजूंना तेव्हाही दम होता, आजही आहे.

आता माझ्याकडे येतो. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा होस्टेलच्या लॅनवर डीसी प्लस प्लस चालायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक जण आपलं एक फोल्डर उघडं ठेवायचा आणि बाकीचे त्यातून पाहिजे ते ओढायचे. एका सीनियरच्या फोल्डरचं नाव होतं 'क्लासिकल_फायनल_नवीन', ४० जीबी. मी ते रात्रभर लावून घेतलं. पैसे देण्याचा प्रश्न मनात आलासुद्धा नाही. अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, मोगूबाई, सगळे एका पेन ड्राइव्हवर. मी सांगलीचा, मिरजेला खाँसाहेबांच्या स्मृतीत दर्ग्यात होणाऱ्या उत्सवाला आजोबांच्या मांडीवर बसून गेलोय म्हणे. पण ते गाणं मला खरं भेटलं ते या चोरीच्या ४० जीबीत. हे मी लपवत नाही.

पुढे कळलं की त्यातल्या निम्म्या फायलींवर नावं चुकीची आहेत. काहींचा वेग चुकलेला. जुन्या तबकड्या सगळ्या अगदी ७८ च्याच वेगानं मुद्रित झालेल्या नसायच्या, त्यामुळे डोळे मिटून ७८ वर वाजवलं की काळी दोनचा गवई काळी तीनमध्ये गाऊ लागतो. आणि मी तेच ऐकून 'काय वरचा स्वर लागलाय' म्हणून माना डोलावल्या होत्या!

मग मी खऱ्या संग्राहकांकडे जायला लागलो. ही एक वेगळीच जमात आहे. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' आहे. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या लोकांनी नोकरी सांभाळून या रेकॉर्ड जमवल्या, त्यांच्या नोंदी केल्या, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक चालवलं. कुठल्या तबकडीचा नंबर काय, कुठल्या साली, साथीला कोण. हे काम कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

थोडा कायदा, मग माझी चूक सांगतो. मी वकील नाही, एवढं लक्षात ठेवून ऐका.

भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशित झाल्यानंतर ६० वर्षं असतो, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. म्हणजे १९६० मध्ये बाजारात आलेली रेकॉर्ड १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली. या हिशेबानं ७८ च्या जमान्यातलं जवळजवळ सगळं भांडार आज आपल्या सगळ्यांचं आहे. भारतात ते उतरवून घेताना चोरट्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही.

पण प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा. अमेरिकेत 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेनं जुन्या ७८ च्या लाखो मुद्रणांचं डिजिटायझेशन केलं आणि ती लोकांना फुकट ऐकायला ठेवली. २०२३ मध्ये मोठ्या संगीत कंपन्यांनी खटला भरला. त्यांचं म्हणणं, यातली कितीतरी गाणी आम्ही आजही विकतो. संस्थेचं म्हणणं, आम्ही खरखरीसकट मूळ तबकडी जपतोय. २०२५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. आणि गंमत बघा, २०१५ मध्ये नासानं व्हॉयेजरच्या तबकडीवरचे नमस्कार आणि आवाज साउंडक्लाउडवर ठेवले. संगीत मात्र नव्हतं, कारण त्याचे हक्क इतरांचे. यान सूर्याच्या प्रभावक्षेत्रापार गेलं, पण गाण्याची फाइल पृथ्वीवर टाकता येईना.

आता खासगी मैफलींच्या टेपचं बघा. ६० वर्षं मोजायची ती प्रकाशनापासून. जी कधी प्रकाशितच झाली नाही, तिचं घड्याळ सुरूच झालेलं नाही. आणि कायद्याच्या नजरेत ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ज्यानं ते पुढाकार घेऊन केलं तो. म्हणजे गाणारी बाई नव्हे, कोपऱ्यात टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला काका! गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला स्वतःचा असा हक्क आपल्या कायद्यात आला तोच १९९४ मध्ये.

असे एक काका मला पुण्यात भेटले. बँकेतून निवृत्त, नाव सांगत नाही. सत्तरच्या दशकात गणेशोत्सवात वाड्यावाड्यांतून मैफली व्हायच्या, त्या ते स्पूलवर मुद्रित करायचे. त्यांच्याकडे साठ-सत्तर स्पूल होते. टेप चिकटायला लागल्या होत्या, काळा भुगा पडत होता. मी म्हटलं, 'काका, मी डिजिटाइझ करून देतो.' शनिवार-रविवार जाऊन मशीनचं हेड स्पिरिटनं पुसत, अडकलेली फीत हातानं सोडवत मी बारा स्पूल लॅपटॉपवर घेतले.

त्यात एका गायिकेची ३८ मिनिटं होती. त्यांची एकही रेकॉर्ड कधी निघाली नाही, नेटवर नावाचा मागमूस नाही. मुलतानी. सुरुवातीला आवाज थोडा दबलेला, पण विलंबितातली काही मिनिटं अशी की मी हेडफोन काढून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मला वाटलं, हे एकट्यानं ऐकणं हा गुन्हा आहे. मी ते त्याच रात्री नेटवर टाकलं, नाव, साल, सगळं व्यवस्थित लिहून. काकांना विचारलं नाही. आपण पुण्याचं काम करतोय, विचारायचं काय त्यात?

तीन महिन्यांनी एक मेल आला, त्या गायिकेच्या मुलीचा. वय साठीच्या पुढचं. तिनं लिहिलं होतं, की आईला त्या दिवशी ताप होता, यजमानांच्या भिडेखातर ती गायली. नंतर तिनं सांगितलं होतं की हे मुद्रण पुसा, मी असं गात नाही. खाली लोकांनी कॉमेंट टाकल्या होत्या, 'आवाज लागत नाहीये', 'तार षड्ज कमी'. मुलीनं त्या वाचल्या होत्या.

मी फाइल काढली. काकांकडे गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'बाईंनी मला पुसायला सांगितलं होतं हे खरंय. माझ्यानं पुसवलं नाही. म्हणून मी ती कधी कुणाला ऐकवलीही नाही. तू पहिलाच.' पंचेचाळीस वर्षं त्यांनी ती टेप ठेवली होती, आणि तोंड बंद ठेवलं होतं. मी ती एका रात्रीत जगापुढे मांडली.

मुलीला माफी मागणारा मेल लिहिला. तिचं उत्तर आलं, दोन ओळींचं. फाइल काढल्याबद्दल आभार. आणि ती मला पाठवता येईल का, आमच्या घरात आईचा गातानाचा आवाज कुठेच नाही.

मी ती फाइल पाठवली. मूळ प्रत, न दाबलेली, वेग नीट जुळवलेली.

त्या मेलनं माझ्या डोक्यातला एक गुंता सुटला. मी आजवर 'डाउनलोड करणं बरोबर की चूक' असाच प्रश्न विचारत होतो, आणि त्यात दोन वेगळी कामं एकत्र बांधली होती. एक म्हणजे जपणं, दुसरं म्हणजे पसरवणं. काकांनी बाईंचं न ऐकता टेप जपली नसती, तर मुलीला आईचा आवाज मिळाला नसता. आणि मी बाईंचं न ऐकता ती पसरवली नसती, तर मुलीला त्या कॉमेंट वाचाव्या लागल्या नसत्या. हो, मी टाकली म्हणून तर तिला टेपचा पत्ता लागला, हेही खरं. हा हिशेब पूर्ण जुळत नाही आणि मी तो जुळवायचा प्रयत्न सोडून दिलाय. आधी काकांना विचारलं असतं, तर त्यांनी मुलीचा पत्ता शोधायला मदत केली असती, एवढं मात्र मला माहीत आहे.

मग मी आता काय करतो? जे दुकानात किंवा अ‍ॅपवर मिळतं आणि ज्याचा कलाकार हयात आहे, ते पैसे देऊनच ऐकतो. मैफलीचं तिकीट काढतो, कारण शास्त्रीय गाणाऱ्याच्या घरात पैसा येतो तो मुख्यतः तिथून. ७८ च्या काळातलं, मुदत संपलेलं जे आहे ते बिनधास्त उतरवतो, पण तबकडीचा नंबर, कंपनी, साल, साथीदार यांची नोंद ठेवतो, कारण नोंद नसलेली फाइल म्हणजे टेबलाखालचं आणखी एक खोकं. अजून मुदत आहे पण कंपनी छापत नाही आणि अ‍ॅपवरही नाही, अशी मधली गाणी असतात. ती कुणी दिली तर मी घेतो, कायद्यात ते बसत नाही हे जाणून घेतो, आणि पुन्हा बाजारात आली की विकत घेतो. २०१७ मध्ये व्हॉयेजरच्या तबकडीचं संगीत रीतसर हक्क मिळवून एलपीवर निघालं. जे बरीच वर्षं मिळत नव्हतं ते आलं, म्हणजे येऊ शकतं.

आणि खासगी मैफलीची टेप मिळाली तर ती जपतो, दोन ठिकाणी बॅकअप ठेवतो, आणि गाणाऱ्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय एक मिनिटही बाहेर जाऊ देत नाही. विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. गुरुग्रामला 'आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' ही संस्था १९८२ पासून असली मुद्रणं जपतेय. टेप कुणाची, कोण ऐकू शकतं, याची तिथे नोंद असते. मी जे रात्री दोन वाजता एका क्लिकवर केलं, ते काम नीट करायची पद्धत जगात होती. मी शोधली नव्हती.

ती ३८ मिनिटं आजही नेटवर कुठेतरी आहेत. मी काढण्याआधी कुणीतरी उतरवून घेतली आणि दुसऱ्याच गायिकेच्या नावानं टाकली. मी दोनदा तक्रार केली, दोनदा ती परत आली. म्हणून त्या गायिकेचं नाव आज मी घेतलं नाही, आणि तुम्ही शोधूही नका अशी विनंती आहे.

त्याऐवजी एक काम करा. या दिवाळीत घरी गेलात की माळा बघा. एखादा स्पूल, 'आत्या – १९८१' एवढंच लिहिलेली कॅसेट, तुटकी तबकडी, काहीही. आजी किंवा आजोबा आहेत तोवर त्यांना विचारा, हा आवाज कुणाचा, हे कुठे गायलं, आणि ते उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि हो, रेकॉर्ड करण्याआधी त्यांना विचारा.

मशीन मिळत नसेल तर मला लिहा, हेड पुसायचं स्पिरिट माझ्याकडे आहे. भेटूया पुढच्या भागात.